ओल्या सावलीतलं शेवळं

मैत्रिणींनो, मे महिना संपत आला, वळवाचे दोन-चार शिंतोडे पडून गेले, की आमच्या कोकणपट्टीतल्या बाजारात एक पाहुणी भाजी दिसायला लागते. ठाणे, पालघर, रायगडच्या मैत्रिणींनी एव्हाना ओळखलंच असेल. जांभळट-तपकिरी, टोकाकडे निमुळती होत गेलेली, मिटलेल्या छत्रीसारखी दिसणारी शेवळं! जुडीच्या शेजारी हिरव्या आंबट फळांचा एक छोटासा ढीग असतो, ती काकडं. महिनाभर ही जोडी बाजारात दिसते आणि मृगाचा पाऊस चांगला लागला की दिसेनाशी होते. मग थेट पुढच्या वर्षी.

ज्यांनी शेवळं कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी सांगते. ही भाजी म्हणजे पान नाही, शेंग नाही, ते एका रानटी झाडाचं फूल आहे. आपल्या सुरणाचंच हे रानातलं भावंडं. शास्त्रज्ञ त्याला ॲमॉर्फोफॅलस कम्युटॅटस म्हणतात. पश्चिम घाटाच्या परिसरातलं, खास आपल्या मातीतलं झाड. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर माणसापेक्षा उंच फूल येणारं एक झाड आहे, त्याचे फोटो वर्तमानपत्रात अधूनमधून येतात. तेही याच कुळातलं, याच प्रजातीतलं. म्हणजे आपण जुडीने विकत घेतो त्या भाजीचे नातेवाईक जगप्रसिद्ध आहेत!

आज मला शेवळाच्या चवीविषयी थोडं आणि शेवळाच्या जागेविषयी जास्त बोलायचं आहे. कारण ती जागा आपल्या प्रत्येकीच्या घरामागे असते, आणि आपण तिला नावं ठेवत असतो.

कुठली जागा? घराच्या उत्तरेकडची. फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीतली. न्हाणीघराच्या भिंतीलगतची. तिथे ऊन येत नाही. पावसाळ्यात शेवाळ धरतं, पाय घसरतो. गुलाब लावला तर त्याला कळी येत नाही, मिरची लावली तर ती नुसती वाढते आणि टोमॅटो रोगानं जातो. तुळससुद्धा तिथे रया गेल्यासारखी उभी राहते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "इथे काही होत नाही, उगाच चिखल. कोबा करून टाकू." आणि एका उन्हाळ्यात सिमेंटची गाडी येते. हल्ली कोब्याऐवजी रंगीत पेव्हर ब्लॉक येतात इतकाच फरक.

आमच्या तालुक्याच्या गावात गेल्या काही वर्षांत किती परसदारं अशी बंद झाली ते मी पाहते आहे. त्यात आपलाही हात आहे, हे नाकारू नये. चिखल नको, किडे-मुंग्या नकोत, झाडलोट सोपी व्हावी, हे वाटणं अगदी साहजिक आहे. कारण ती झाडलोट करायची आपल्यालाच. पण परसदार ही घरातली अशी एकच जागा होती, जिथे काय लावायचं ते बाई ठरवायची. पुढच्या अंगणात काय असावं हे घरातले पुरुष ठरवत. मागच्या अंगणातलं अळू, कढीलिंब, गवती चहा, कर्दळ, पानवेल मात्र आजीच्या, सासूबाईंच्या अखत्यारीतलं. तिथे कोबा पडला की भाजीबरोबर तो अधिकारही जातो.

म्हणून म्हणते, त्या ओल्या, सावलीतल्या तुकड्याला नावं ठेवण्याआधी रानात डोकावून पाहा. मोठ्या झाडांच्या खाली, कुजलेल्या पाल्यात, दमट सावलीत कितीतरी झाडं आनंदानं वाढतात. शेवळं त्यातलंच. त्याला भर उन्हाची गरज नाही. आपण ज्याला दोष म्हणतो तेच त्याला हवं असतं.

या झाडाचा वर्षभराचा क्रम समजून घेतला की लावणं अगदी सोपं. हिवाळा आणि उन्हाळा हे झाड जमिनीखाली कंदाच्या रूपात झोपलेलं असतं. वर काहीच दिसत नाही. पहिल्या पावसाची चाहूल लागली की आधी फूल वर येतं, पानाचा पत्ता नसतो. फूल सरलं की मग त्याच कंदातून एकच पान येतं. एकच, पण केवढं! ठिपकेदार देठ, वर तीन फांद्या, आणि त्यांच्यावर पसरलेली चिरलेली पाती. लांबून पाहिलं तर हिरवी छत्री उघडून ठेवली आहे असं वाटावं. सुरणाचं झाड पाहिलं असेल तर लगेच लक्षात येईल. हे पान पावसाळाभर अन्न तयार करून खाली कंदात साठवतं. जुना कंद झिजून जातो आणि त्याच्या जागी नवा भरतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पान पिवळं पडून आडवं होतं, आणि झाड पुन्हा झोपी जातं.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे पान ही कंदाची वर्षाची कमाई. ते कापलं तर कंद बारीक होणार, आणि पुढच्या वर्षी फूल येणं अवघड. काही भागांत कोवळ्या, न उमललेल्या पानाचीही भाजी करतात. पण आपल्या घरी चार-पाच कंद असताना तो मोह टाळावा. दुसरी गोष्ट, एका कंदाला वर्षातून एकच फूल. ते आपण खाल्लं, की त्या वर्षी त्याला बी धरत नाही.

आता लावायचं कसं? कंद विश्रांती घेत असतो तेव्हा, म्हणजे चैत्र-वैशाखात लावावा. जागा सावलीची हवी, पण पाणी साठून राहणारी नको. ओलावा आणि पाणथळ यात फरक आहे. शेवळाला पहिला आवडतो, दुसऱ्यात कंद सडतो. चिकण माती असेल तर तीत थोडी वाळू आणि भरपूर कुजलेला पाला मिसळावा. जुनं, नीट मुरलेलं शेणखत मूठ-दोन मूठ पुरे. ताजं शेण अजिबात नको. कंदाच्या डोक्यावर कोंबाचा डोळा असतो, तो वर ठेवून, वर चार-सहा बोटं माती येईल इतपत पुरावा. त्यावर पालापाचोळ्याचा जाड थर. फणसाची, आंब्याची पानं आपण झाडून जाळतो, तीच इथे पसरावीत. धूरही वाचतो.

पावसाळ्यात त्याला काही करावं लागत नाही. पाऊस मध्येच दहा-पंधरा दिवस दडी मारून बसला तरच पाणी घालायचं. पान पिवळं पडायला लागलं की पाणी बंद. बऱ्याच जणी इथे चुकतात. झाड मरतंय असं वाटून आणखी पाणी घालतात आणि झोपलेला कंद कुजतो. जागा विसरू नये म्हणून तिथे एखादी काठी किंवा दगड ठेवून द्यावा, नाहीतर मार्गशीर्षात कुणीतरी तिथेच कुदळ मारतं. ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांनी खोल कुंडीत लावलं तरी चालतं. पान गेल्यावर ती कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात कोरडी ठेवून द्यायची आणि ग्रहमान मे महिन्यावर सोपवायचं!

धीर मात्र हवा. छोट्या कंदातून पहिली काही वर्षं नुसतं पानच येतं. कंद पुरेसा भरला की मगच फूल. माझ्या घरामागे फणसाखाली मी पाच कंद लावले. पहिल्या दोन पावसाळ्यांत फक्त छत्र्या मिळाल्या. तिसऱ्या वर्षी दोन शेवळं आली. त्यातलं एक आम्ही खाल्लं, एक ठेवलं. राखून ठेवलेलं पूर्ण उमललं तेव्हा त्याला कुजका वास सुटला. घरातल्यांनी नाकं धरली, पण तो वास आपल्यासाठी नसतोच. त्या वासाला भुलून माश्या आणि किडे येतात आणि परागाची ने-आण करतात. शेवळाचा मधला दांडा म्हणजे शेकडो बारीक फुलांची वस्ती. तळाशी मादीफुलं, त्यांच्या वर नरफुलं. मादीफुलं आधी तयार होतात, नरफुलांचे पराग नंतर सुटतात, म्हणजे स्वतःचेच पराग स्वतःला लागू नयेत ही सोय. पुस्तकात वाचलेलं हे सारं घराच्या मागच्या दारात उभं राहून पाहायला मिळालं. मुलांनाही दाखवलं.

आता स्वयंपाकघरातलं. शेवळं खाजरं असतं, हे आधी लक्षात घ्या. अळू, सुरण यांच्यासारखेच त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात. कच्चं तर चुकूनही तोंडात घालायचं नाही. म्हणूनच ती आंबट काकडं! शेवळं विकणाऱ्या मावशी बजावून सांगतात, "ताई, काकडं घेतल्याबिगर शेवळं नेऊ नका." काकडाच्या आंबटपणाने आणि शिजवण्याने खाज मरते, हे आपल्या आधीच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या करून पाहिलेलं आहे. काकडं मिळालीच नाहीत तर चिंच किंवा आमसुलं भरपूर घालतात, पण जुन्या जाणत्या बायका काकडांचाच आग्रह धरतात.

निवडायला बसताना हाताला तेल लावावं. बाहेरचं जून आवरण काढून टाकावं. आतल्या दांड्याच्या बुडाशी जो पिवळट, दाणेदार भाग असतो तो काढून टाकायचा, खरी खाज तिथे. उरलेलं बारीक चिरून, तेलावर चांगलं परतून, काकडं ठेचून काढलेल्या रसात मऊ शिजवायचं. पुढे मग ज्याच्या त्याच्या घरची रीत. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत शेवळाचं केवढं कौतुक! कुणी सोडे घालतं, कुणी कोलंबी, कुणी खिमा. शाकाहारी घरांत डाळिंब्या किंवा हरभऱ्याची डाळ. वर ओलं खोबरं. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र ही भाजी टाळावी, आणि लहान मुलांना पहिल्यांदा देताना घासभरच द्यावी.

एक सावधगिरीची सूचना. याच दिवसांत रानात अशीच दिसणारी आणखी काही फुलं येतात. सापाच्या फण्यासारखं फूल येणारा सापकांदा अनेकींनी पाहिला असेल. ते खायचं नाही. फोटो पाहून किंवा माझा हा लेख वाचून रानातलं काही उपटून आणू नका. जी बाई आयुष्यभर शेवळं काढत आली आहे तिने हातात दिलं तरच ते शेवळं, असं समजा.

आणि आता त्या बाईविषयी. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी समाजातल्या या बायका पहाटे उठून रान तुडवतात, शेवळं शोधतात, जुड्या बांधतात आणि एसटीने किंवा रेल्वेने बाजार गाठतात. जून महिना हा त्यांच्यासाठी अडचणीचा. शेतात पेरणीची कामं जेमतेम सुरू झालेली, हातात रोकड नाही, मुलांच्या शाळा सुरू होणार. अशा वेळी शेवळाच्या चार जुड्यांचे पैसे म्हणजे वह्या, चपला, किंवा मीठ-मिरची. आपण त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो तेव्हा हे डोळ्यांसमोर असावं.

मग कुणी विचारेल, आणि एका मैत्रिणीने मला विचारलंच, "सगळ्यांनी घरी शेवळं लावली तर त्या बायकांचं काय? तू त्यांच्या पोटावर पाय देते आहेस." प्रश्न रास्त आहे, म्हणून मी त्यावर बराच विचार केला. माझं उत्तर असं. घरच्या पाच कंदांतून वर्षाला दोन-तीन शेवळं मिळतात. त्यात एका माणसाची भाजी होत नाही. घरी लावून बाजार बंद पडणार नाही. बाजार बंद पडेल तो रान संपल्यामुळे. शहराजवळच्या डोंगरांवर बंगल्यांचे प्लॉट पडतात, रस्ते रुंद होतात, मोठी झाडं तुटतात. वरची सावली गेली की खालचं शेवळं जातं. त्या बायकाच सांगतात की पूर्वी पाड्याच्या मागे मिळायची ती शेवळं शोधायला आता लांब जावं लागतं. लांब जावं लागतं म्हणून दिसेल ते सगळं काढावं लागतं, आणि बी धरायला मागे काही उरत नाही. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला राखून खा म्हणू नये.

राखण्याचं काम आपण करू शकतो, कारण आपली चूल त्यावर अवलंबून नाही. घरचं शेवळं खाण्यासाठी कमी आणि बियाण्यासाठी जास्त, असं ठरवावं. पाच फुलं आली तर तीन तरी उमलू द्यावीत, फळं धरू द्यावीत, बी तिथेच सावलीत रुजू द्यावं. खाण्यासाठी मात्र बाजारातून, त्या मावशींकडूनच घ्यावं. माझं शेवळं घरी लागल्यापासून माझी खरेदी कमी झालेली नाही. उलट जुडी हातात घेताना तिच्यामागे किती वर्षांची वाढ आहे हे कळायला लागलं, त्यामुळे भाव करताना जीभ रेटत नाही.

कंद आणायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. रानात जाऊन खणून आणायचा नाही. राखीव वनातून किंवा अभयारण्यातून असं काही खणून आणणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला वाचवायचं त्यालाच उपटणं हा उफराटा कारभार झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क रानात राहणाऱ्या लोकांना दिला आहे, तुम्हा-आम्हाला नाही. बऱ्याच आदिवासी घरांच्या कुंपणाला, शेताच्या बांधावर शेवळाचे कंद असतात. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना विचारा. बांधावरचे दोन-चार कंद त्या देऊ शकल्या तर त्यांचे रीतसर पैसे मोजा, आणि कसं लावायचं तेही त्यांनाच विचारा. माझ्या लेखातल्यापेक्षा नेमकी माहिती त्यांच्याकडे मिळेल, शिवाय तुमच्या मातीची.

या माहितीला किंमत आहे, हे आता सरकारदरबारीही मान्य झालं आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राज्याचा कृषी विभाग पावसाळ्यात जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे जरूर जा. पण नुसती चव घेऊन परतू नका. भाजी मांडून बसलेल्या बाईला तिचं नाव विचारा, भाजी निवडायची कशी, कुठला भाग टाकायचा, कशाबरोबर शिजवायचं, ते विचारून वहीत लिहून घ्या. सासूबाईंच्या हाताची चव जशी वहीत उतरवली नाही म्हणून गेली, तसंच हेही जाईल.

शेवळं हे जास्त पावसाच्या प्रदेशातलं झाड. देशावरच्या, मराठवाड्या-विदर्भातल्या मैत्रिणींनी त्याचाच हट्ट धरू नये. प्रत्येक भागात सावलीत वाढणारं आणि खाण्याजोगं काहीतरी असतंच. ज्यांच्याकडे पाऊस बरा आहे त्यांनी फोडशी लावून पाहावी. हिलाच कुणी कुलू म्हणतात. गवतासारखी पानं, वर नाजूक पांढरी फुलं, आणि खाज नाही. थोडी जास्त जागा असेल तर भारंगी. तिची कडसर पानं आणि निळसर फुलं, दोन्हींची भाजी होते. आपल्या आईला, आजीला, बाजारातल्या जुन्या भाजीवालीला विचारा की त्यांच्या लहानपणी पावसाळ्यात रानातून काय यायचं. नावं ऐकून तुम्हीच चकित व्हाल.

तर मैत्रिणींनो, येत्या उन्हाळ्यात तुमच्या घरी परसदारी फरशी घालायचा विषय निघाला, तर निदान चार फूट माती उघडी ठेवायला सांगा. "इथे काही होत नाही," असं कुणी म्हणालं तर इथे काय होतं ते सांगा. भांडायची गरज नाही, ठामपणे म्हटलं तरी पुरतं: हा कोपरा माझा आहे, इथे मी झाड लावणार आहे. आणि तुमच्या भागात अशा ओल्या सावलीत कुठली रानभाजी होते, ती कशी निवडतात, कशी शिजवतात, ते आम्हाला सविस्तर लिहून पाठवा. भाजीचं नाव तुमच्या बोलीत जसं आहे तसंच लिहा.